गोळीवरचा भंडारा

आमी लासुर्ण्याचे, मेंढरंवाले. बाप कळपामागं हिंडला, मी दोन इयत्ता शिकलो आन शाळेला राम राम ठोकला, पण हात माझा चोख, म्हणून कळंबजवळच्या नेमबाजी क्लबात रायफल सांभाळायला ठेवलं मला. पॉइंट टू-टूची, बारीक गोळीची, एकच रायफल. पोटच्या पोरागत जपली. नळीत कापड कसं फिरवायचं ते मला कुणी शिकवायचं न्हाय, सुभेदारानंबी न्हाय.

सुभेदार म्हणजे तितं शिकवायला आलेला रिटायर फौजी. माणूस करडा. आन माझ्या भावाची पोर सुमन, ती तितं नेम धरायची. काय सांगू तुम्हाला, पोर पालथी पडली का श्वास घेती का न्हाय कळायचं न्हाय! नव्वद सालानंतरची गोष्ट, पोरींनी बंदूक धरायची म्हणजे गावात हसायचे लोक.

आता गोळ्या दोन जातीच्या. एक नुसत्या शिशाच्या, वर मेणचट वंगण. दुसऱ्या तांब्याचं पाणी दिलेल्या, कोरड्या. सुभेदार म्हणायचे, तांबं नळी खातं, शिशाचीच वापरायची, आन तांब्याची पेटी त्यांनी कपाटात कुलपात घातली. मी म्हणायचो, अवो पाणीच दिलंय निस्तं, एवढ्यानं पोलाद झिजतंय व्हय? ते म्हणायचे, दगडूराव, तुमी मेंढरं राखा.

दसरा झाला आन पोरीच्या गोळ्या फाकायला लागल्या. एक वर, एक खाली. बारामतीला संघाची निवड तोंडावर आलेली. सुभेदारांनी नळी उजेडाला धरली, आत बारीक ओरखडे. म्हणाले, खलास, नळी झिजली, कुलूप उघडून चोरून तांब्याच्या उडवल्या तुमी, उद्या रायफल जमा करतो आन सुमनचं नावबी काढतो. माझं तर डोकंच फिरलं. मी म्हणालो, हात लावला असंल तर बिरोबा बघून घील, रायफल न्यायची तर मला तुडवून न्या.

आमची भांडणं चाललेली, आन सुमन बाजूला बसून बोटात गोळी फिरवत व्हती. म्हणाली, तात्या, ही किरकिरती. मी म्हणालो, काय तरीच. तिनं माझ्या नाकावरचा चष्मा काढला आन काचंवर गोळी घासली. कच्चकन ओरखडा! तो अजून हाय बघा, हितं, उजव्या काचंला.

त्याचं असं, खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्यात हत्याराला भंडारा लावत्यात. मी रायफलीला लावला, गोळ्यांच्या उघड्या पेट्यांतबी उधळला, देवाच्या पायरीची माती कालवून. आता वंगणाला ती चिकटली, वाळूसकट. सुभेदार ओरडले, तुमीच घासली नळी! मी म्हणालो, देवाची माती पोलाद खात न्हाय. आजबी तेच म्हणतो.

गोळ्या पुसू का, म्हणाली सुमन. सुभेदार म्हणाले, वंगण निघालं तर शिसं नळीत चिकटंल. मग राहिली कुलपातली तांब्याची. सुभेदार किल्ली काढंनात. मी म्हणालो, झिजली तर झिजू दे, नळी काय देव्हाऱ्यात ठेवायची हाय का? शेवटी त्यांनी सोताच कुलूप काढून एक पेटी पुढं सरकवली.

नळी साफ करून पोर आडवी झाली. पहिल्या गोळ्या पार कडंला. सुभेदार तोंड फिरवून उभे. मी म्हणालो, मार गं, नवी गोळी हाय, नळीला सवय होऊ दे. मग एक मधी. तिला लागून दुसरी. मग भोकात भोक. सुभेदारांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

बारामतीला तिचा नंबर पुकारला. माझा हात आपसूक कनवटीच्या भंडाऱ्याच्या पुडीकडं गेला, गोळ्यांची पेटी समोरच उघडी. पोरीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, तात्या, गोळीला न्हाय. मला लावा.

लावला. कपाळभर लावला. निवड झाली तिची.

आता ती आमच्या क्लबातच पोरींना शिकवती. रायफल तीच, नळी तीच, ओरखड्यांसकट चालतीया. नव्या पोरी आल्या का माझ्याकडं धाडती. मी बसतो दारात पुडी घेऊन. या गं बायांनो, म्हणतो, कपाळ पुढं करा, गोळ्या लांब ठेवा.