झेंडी कोणाकडे होती

अन्नपूर्णा महादेव ठोंबरे, आज या सभागृहातले पहिले संबोधन तुला आहे. सभेचा शिष्टाचार असा नाही, हे मी जाणतो. परंतु मला जे बोलायचे आहे ते तुझ्याविषयी आहे, आणि तुला उत्तर देण्याची सोय राहिलेली नाही. तेव्हा निदान आधी कळवणे उचित. आज भरसभेत मी तुझी चूक सांगणार आहे.

सभेचे अध्यक्ष, आमच्या सायकल मंडळाचे संस्थापक, आदरणीय अण्णाजी साटोणे, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते तार कार्यालयातील श्रावण नगराळे, मंडळाचे चिटणीस रूपराव झाडे, पहिल्या रांगेत बसलेल्या श्रीमती लीलाबाई खोडे, आणि बंधुभगिनींनो,

निरोपाच्या भाषणात जाणाऱ्याचे गुण सांगावेत, त्याच्या बढतीबद्दल आनंद व्यक्त करावा आणि बदलीच्या गावाची थोडी स्तुती करावी, अशी रीत आहे. श्रावणरावांना बढती मिळालेली नाही. गोंदियाची ही बदली त्यांनी स्वतः अर्ज करून मागून घेतली आहे. जन्म वर्ध्यात, शिक्षण वर्ध्यात, आई सिंदी मेघेला. असा माणूस बदली का मागतो? या प्रश्नाचे उत्तर इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गेल्या जानेवारीपासून या शहरात असे बोलले जाते की श्रावण नगराळे वेळेआधी फाटा सोडून निघून गेले, आणि त्यामुळे माझी पत्नी मृत्यू पावली. शिवाय ते खोटे बोलले, असेही म्हटले जाते. या दोन्ही गोष्टी असत्य आहेत. ते ज्या नावाने या गावात वाढले ते नाव त्यांना स्वच्छ परत मिळावे, एवढ्यासाठीच मी उभा आहे. माझ्यापाशी आज दुसरे काही सांगण्यासारखे नाही.

जे मंडळाचे सभासद नाहीत त्यांच्यासाठी आमचा नियम सांगतो. वर्षातून एकदा, संक्रांतीनंतरच्या रविवारी, आम्ही डांबरी रस्ता सोडून शेतांमधल्या पांदण रस्त्यांनी दिवसभराची सहल काढतो. पांदणीला फाटे फार. काळ्या मातीत बैलबंडीच्या चाकोऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून जिथे वळायचे तिथे एक जण फाट्यावर उभा राहतो आणि मागच्यांना वळण दाखवतो. सर्वांत शेवटच्या स्वाराच्या कॅरिअरला काठी बांधून तांबडी झेंडी लावलेली असते. झेंडी दिसली की फाट्यावरच्या माणसाने जागा सोडायची, कारण झेंडीच्या मागे कोणी नसते. आणि फाट्यावर कोणीच उभे नसेल, तर न वळता सरळ जायचे.

हा नियम कोणी केला? अण्णाजी हसत आहेत, त्यांना आठवते. पहिल्याच वर्षी सेलूकडच्या रानात आपली अर्धी मंडळी चुकली आणि अण्णाजी स्वतः कोणाच्या तरी खळ्यात जाऊन पोहोचले. त्यानंतर अन्नपूर्णेने हा नियम केला आणि झेंडीही तिनेच आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची शिवली. तेव्हापासून झेंडी तिच्याकडे असे. घरातून निघताना मी तिला म्हणत असे, "शेवटच्या व्यक्तीवर संपूर्ण समूहाची जबाबदारी असते." ती म्हणे, "तुमी घरातबी सभेत बोलल्यावानी काऊन बोलता जी?"

असो.

यंदाची सहल देवळीमार्गे नाचणगावच्या शिवारात होती. अण्णाजींच्या मळ्यात रोडगे आणि वांग्याची भाजी असा बेत होता. लीलाबाई त्या दिवशी प्रथमच आपल्याबरोबर आल्या होत्या. पतीच्या पश्चात बालवाडीची नोकरी धरली तेव्हा, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्या सायकल शिकल्या. त्या सकाळी सर्वांत मागे पडल्या आणि मंडळींना त्यांच्यासाठी पुन:पुन्हा थांबावे लागले. जेवणाच्या पंगतीत रूपराव म्हणाले, "लीलाबाई, परतीले बंडी सांगू का जी? सायकलबी त्यातच टाकू."

लीलाबाई म्हणाल्या, "सांगा ना. बैल तुमी व्हा."

पंगत हसली. मीही हसलो. रूपराव, तुमच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, हे मी मान्य करतो. पण लीलाबाईंनी त्यानंतर रोडगा पानात तसाच ठेवला, हे अन्नपूर्णेने पाहिले.

पुढचा भाग मी लीलाबाईंच्या परवानगीने सांगत आहे. गेल्या आठवड्यात त्या माझ्या घरी आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि सर्व हकिकत सांगून म्हणाल्या, "सर, तुमी सभेत सांगा. मी समोर बसतो. उठून जानार नाई." त्या बसल्या आहेत. कोणीही वळून त्यांच्याकडे पाहू नये, अशी माझी विनंती आहे.

हात धुण्यासाठी दोघी गोठ्यामागे गेल्या होत्या. तिथे अन्नपूर्णेने आपल्या सायकलची झेंडी सोडली आणि लीलाबाईंच्या कॅरिअरला बांधली. म्हणाली, "माई, आता कोनी म्हननार नाई का बाई मांगं रायली म्हनून. झेंडीवाल्यानं मांगंच रायचं असते." मागे पडणाऱ्या बाईला तिने मागे राहण्याचा मान दिला. इतर कोणी ते पाहिले नाही, आणि तिने कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर त्या मानाचा अर्थ उरला नसता.

परतताना मंडळी दोन तुकड्यांत निघाली. अण्णाजी, मी आणि पाहुणे पुढे. दुसऱ्या तुकडीला वाट दाखवण्यास श्रावणराव. देवळीच्या अलीकडे जिथे डावीकडे वळायचे त्या फाट्यावर ते उभे राहिले. त्याच सुमारास बरेच मागे अन्नपूर्णेच्या सायकलची चेन पडली. लीलाबाई तिच्यासोबत थांबल्या. अन्नपूर्णा म्हणाली, "तुमी चाला, तुमची चाल हळू हाये. मी पकडतो तुमाले."

"तुमाले सोडून कशी जाऊ? झेंडी तं माह्यापाशी हाये."

"मले नियम शिकवता काय? चाला."

लीलाबाई निघाल्या. फाट्यावर श्रावणरावांनी झेंडी पाहिली. झेंडी दुसऱ्याकडे आहे म्हणजे ठोंबरेबाई पहिल्या तुकडीबरोबर पुढे गेल्या असणार, असे त्यांनी गृहीत धरले. मला सांगा, तुम्ही दुसरे काय धरले असते? ते लीलाबाईंना म्हणाले, "माई, शोभते तुमाले झेंडी." सायकलीवरून लीलाबाईंना आयुष्यात प्रथमच कोणी चांगले म्हणत होते. झेंडी असून आपण माणूस मागे सोडून आलो, हे त्या वेळी त्यांच्या तोंडून निघाले नाही. अन्नपूर्णा येतच असेल, असेही त्यांना खरोखर वाटत होते. श्रावणरावांनी नियमाप्रमाणे फाटा सोडला.

अन्नपूर्णा त्या फाट्यावर आली तेव्हा तिथे कोणी नव्हते. कोणी नसेल तर सरळ जायचे. ती सरळ गेली. लीलाबाईंना गाठायचे म्हणून वेगात गेली. ती पांदण उंच तुरीतून एका शेताच्या टोकाशी जाते आणि तिथे जमिनीशी सपाट, कठडा नसलेली विहीर आहे. काठावर गवत वाढले होते. यापुढचे वर्णन मी करणार नाही.

देवळीला चहाच्या वेळी आम्हाला वाटले ती दुसऱ्या तुकडीत आहे, दुसऱ्या तुकडीला वाटले ती आमच्यात आहे. मी विचारले तेव्हा लीलाबाई एवढेच म्हणाल्या, "मांगं हाये, येतेच." तोवर भीतीने त्यांनी झेंडी सोडून पिशवीत ठेवली होती. आम्ही मागे फिरलो. दिवस मावळण्यापूर्वी चाकाच्या खुणा सापडल्या. आम्ही काठावर पुष्कळ माणसे होतो. दोर कमरेला बांधून विहिरीत उतरणारा एकच होता. माझ्या पत्नीला श्रावण नगराळे यांनी वर आणले. त्यांनीच तिच्या पायांवरून पदर नीट केला आणि मग ते बाजूला जाऊन बसले. विहीर कोणाची आणि तीत उतरणारा कोण, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. तो नंतर विचारला गेला.

मी सुतकात असताना मंडळाची सभा झाली. श्रावणराव म्हणाले, "झेंडी पाहूनच मी फाटा सोडला." त्यावर त्यांना विचारण्यात आले, "झेंडी तं ठोंबरेबाईपाशी राह्यते. मंग तुले कोन्या झाडावर दिसली?" त्यांनी उत्तर दिले नाही. न बोलणारा माणूस खोटाच असणार, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर बाजारात, कचेरीत जे बोलले गेले त्यात त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या वस्तीचे नाव अधिक वेळा आले. ते शब्द मी या सभागृहात उच्चारणार नाही. ज्यांनी उच्चारले त्यांना ते पाठ आहेत.

लीलाबाई येऊन गेल्यावर मी श्रावणरावांकडे गेलो. विचारले, "आपण लीलाबाईंचे नाव का सांगितले नाही?"

ते म्हणाले, "सर, बाई तं गेल्या. माईले याच गावात राहाचं हाये."

मी म्हटले, "आणि आपल्याला?"

"माही बदली होते, सर."

बंधुभगिनींनो, या उत्तरावर भाष्य करण्याची माझी पात्रता नाही.

आता, अन्नपूर्णा. नियम तुझा होता. झेंडी दुसऱ्याला दिलीस, हे कोणाला कळवले नाहीस. झेंडीच्या मागे कोणी राहता कामा नये, हे तुझेच वाक्य, आणि तू झेंडीच्या मागे राहिलीस. चूक श्रावणरावांची नाही. लीलाबाईंचीही नाही, त्यांना तू पाठवलेस. चूक तुझी आहे. एका बाईला कमीपणा वाटू नये म्हणून तू ती केलीस, हे मी जाणतो, आणि तू परत आलीस तर पुन्हा तेच करशील, हेही जाणतो. तरीही ती तुझीच आहे. तुझ्या माघारी मी तुला निर्दोष ठेवावे, अशी माझी फार इच्छा होती. पण त्याची किंमत दुसऱ्या कोणी गावाबाहेर जाऊन द्यावी, हे तुला चालले नसते. त्यामुळे मी तुला निर्दोष ठेवू शकत नाही.

श्रावणराव, या भाषणाने आपली बदली रद्द होणार नाही. आपल्या आईने जे ऐकले ते पुसले जाणार नाही. हे भाषण उशिरा झाले आहे, याची मला जाणीव आहे. शाल आणि श्रीफळ अण्णाजी देतील. मंडळातर्फे मी एवढेच म्हणतो: आपण झेंडी येण्यापूर्वी फाटा सोडला नाही आणि आपण खोटे बोलला नाहीत. चिटणीसांनी ही दोन वाक्ये आजच्या वृत्तांतात याच शब्दांत घ्यावीत.

हे सभागृह ज्यांनी आम्हाला वापरू दिले त्या धर्मशाळेच्या व्यवस्थापकांचा, आपली बाजू इतके महिने न मांडणाऱ्या सत्कारमूर्तींचा आणि समोर बसून राहिलेल्या लीलाबाईंचा मी ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी शोभणारे गोड शब्द माझ्याकडून आले नाहीत. दिवंगत व्यक्तीविषयी कठोर बोललो. या दोन्ही गोष्टी सभेने पोटात घालाव्यात. टाळ्या वाजवू नयेत, अशी विनंती करून मी खाली बसतो.

(या भाषणाची प्रत मी मंडळाच्या दप्तरासाठी दिली. पुढील नोंद माझीच. म. ठों.)

टाळ्या वाजल्या नाहीत. रूपराव झाडे यांनी ती दोन वाक्ये उभे राहून मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "म्या म्हनलं होतं ते. झाडावरचं." मग ती दोन्ही वाक्ये त्यांनी वृत्तांतात लिहून घेतली. श्रावणरावांनी उत्तरादाखल भाषण केले नाही. शाल त्यांनी घडी करून लीलाबाईंच्या हाती दिली आणि आईकडे पोहोचवण्यास सांगितले. म्हणाले, "मी पहाटेच्या गाडीनं चाललो, माई. तुमी नेऊन द्या. बोला जरा तिच्यासंग." लीलाबाईंनी ती घेतली.

सर्व मंडळी गेल्यावर सतरंज्या मी व श्रावणरावांनी गुंडाळल्या. त्यांनी दोन्ही खोल्या आणि मागची ओसरी पाहिली, आत कोणी राहिलेले नाही असे मला सांगितले आणि पुन्हा एकदा जाऊन पाहून आले. मग दाराला कुलूप लावले. किल्ल्या चौकीदार डोमाजी यांच्याकडे परत केल्या.