हुबेहूब ड्यूईसारखं पिस्तूल

ट्वायला: "'ट्वायला, बर्ल हॅचर दुकानात काहीही दाखवू दे, आत अडसर असलेलं पिस्तूल घ्यायचं नाही. माझ्यासारखं घे. हुबेहूब माझ्यासारखं.' दवाखान्यात पाय वर टांगलेला, तोंडात थर्मामीटर, तरी नवऱ्याचा माझ्या शब्द न् शब्द स्पष्ट, बरं का. मी वचन देऊन बसले."

बर्ल: "वा रे ड्यूई! ऐकलंस, नदीन? खुबा मोडला, पण तत्त्व मोडलं नाही."

नदीन: "खुबा मोडला तो चर्चच्या छपरावर खार हाकलताना. त्यात तत्त्व कुठलं आलं?"

ट्वायला: "खार अजून तिथेच आहे. असो. शनिवारी अग्निशमन दलाच्या मदतीसाठी नेमबाजीची स्पर्धा. ड्यूईच्या जागी घरातलं कोणी उभं राहिलं नाही, तर ती जागा त्याच्या चुलतभावाला जाते."

बर्ल: "लोनीला? मिस ट्वायला, लोनी चाप ओढताना दोन्ही डोळे मिटतो!"

ट्वायला: "म्हणून तर ड्यूई काल रडला. खुबा मोडला तेव्हा नाही रडला. मग मीच म्हटलं, मी उभी राहते. लहानपणी वडिलांबरोबर कुंपणावरचे डबे पुष्कळ उडवलेत मी. पण त्याचं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल माझ्या मनगटाला झेपत नाही. तसंच जुन्या धाटणीचं, फक्त नऊ मिलिमीटरचं दे. नमुन्याला त्याचंच आणलंय, या बिस्किटांच्या डब्यात. रिकामं आहे, मी तीनदा पाहिलं. आणि हे तुम्हा भावंडांना केळ्याचं पुडिंग... अगंबाई!"

नदीन: "काही नाही, चमचाच पडला. पुडिंग वाचलं."

बर्ल: "रिकामं आहे, मी चौथ्यांदा पाहिलं. आता ऐका, मिस ट्वायला. जुन्या पिस्तुलात गोळीच्या बुडावर ठोका मारणारी फायरिंग पिन मोकळी असते. मागे ओढून धरायला फक्त एक स्प्रिंग. चाप ओढला की हॅमर पिनेवर, पिन गोळीवर. मध्ये कोणी नाही. चाप कसा, तर बर्फाची काडी मोडावी तसा! नव्यात काय केलं? पिनेच्या वाटेत अडसर घातला. चाप ओढताना आधी तो अडसर ढकलायचा. म्हणजे बायकोला हाक मारायची तर आधी सासूची परवानगी!"

नदीन: "तुला बायकोही नाही आणि सासूही नाही. ट्वायला, आता माझं ऐक. जुनं पिस्तूल नळीच्या टोकावर जोरात आपटलं, तर ती मोकळी पिन स्वतःच्याच वजनाने पुढे जाऊन गोळी उडवू शकते. अडसर असला, की चाप ओढल्याशिवाय पिन जागची हलत नाही."

ट्वायला: "पण बाजूला तो अंगठ्याचा खटका असतो ना?"

नदीन: "तो हॅमरला अडवतो. पिनेला नाही."

बर्ल: "स्प्रिंग कडक घालायची, पिन हलक्या धातूची घालायची. झालं काम! आणि मुळात पिस्तूल पाडायचं कशाला?"

नदीन: "समोर कोण बसलंय ते बघ. ट्वायला, हे निळं प्लास्टिकचं हातात घे. सरावाचं आहे. धर, नेम धर. छान. आता काउंटरवर ठेव."

ट्वायला: "अरे देवा."

नदीन: "एक."

ट्वायला: "हातरुमाल मध्ये आला. परत ठेवते. ...हात्तिच्या!"

नदीन: "दोन."

बर्ल: "नेम मात्र खांबासारखा स्थिर होता हं!"

ट्वायला: "नेम धरताना कधीच पडत नाही. ठेवताना पडतं. चर्चमध्ये दानाचं ताटसुद्धा वेदीपर्यंत नीट नेलं होतं मी. ठेवताना डीकनच्या अंगठ्यावर गेलं."

नदीन: "शनिवारी पडलं तर पंच बाद करतील. बाद होऊन माणूस घरी येतो. पण पडून वाजलं तर?"

ट्वायला: "तेच म्हणते मी. मला रात्री तेच दिसतं. पण वचन दिलंय गं."

बर्ल: "तिसरा एक प्रकार आहे. मूठ आवळली की अडसर सरकतो. चापाला धक्काच नाही."

नदीन: "आणि साफ करून जोडताना मूठ आवळलेली राहिली, तर आतला भाग वाकतो. ही बाई दाराची मूठसुद्धा दोन्ही हातांनी धरते."

ट्वायला: "मला तो अडसर दिसतो तरी कसा, ते दाखवा. ड्यूई तीस वर्षं त्याच्यावर बोलतोय, आणि मी तो कधी पाहिलाच नाही."

नदीन: "हे बघ, हे कपाटातलं नवं. स्लाइड काढली, हा वरचा सरकता भाग. तिच्या पोटाशी हे मसुराएवढं गोल बटण. दाब. हाच तो."

ट्वायला: "एवढुस्सा? या एवढ्याशासाठी ड्यूईने ती पाटी रंगवली? 'अडसरवाल्यांना येथे कॉफी मिळणार नाही'?"

नदीन: "ती बघ, अजून टांगलेली आहे. धाकट्या पास्टरांचं अडसराचं आहे, त्यांना गेली सहा वर्षं थर्मास घेऊन यावं लागतं."

ट्वायला: "आता ड्यूईचं उघड, बर्ल. हे नसलेलं कसं दिसतं तेही बघते, म्हणजे घरी चुकीचं जाणार नाही."

बर्ल: "आज नको."

ट्वायला: "का रे?"

बर्ल: "हवा दमट आहे."

नदीन: "हवा?"

बर्ल: "जुनं लोखंड आहे. मनाला लावून घेतं."

नदीन: "आण इकडे."

बर्ल: "नको, नको! मीच उघडतो. चाळीस वर्षं उघडतोय. स्प्रिंगच्या टोपीवर अंगठा असा दाबून ठेवायचा, सुटला तर..."

(टण्. छताला एकदा, कपाटाला एकदा. मग पुडिंगमध्ये पचक्.)

नदीन: "चाळीस वर्षं."

बर्ल: "हात ओला होता."

ट्वायला: "थांबा, मी चमच्याने काढते. ...मिळाली. केळ्याखाली होती. ड्यूईच्या हातूनही अशीच उडाली होती पहिल्यांदा, माझ्या आईच्या फोटोची काच गेली. तो सोफ्याखाली टोपी शोधत बसला आणि मी बाकी सगळं परातीत भरून तुझ्याकडे आणलं होतं. तेव्हापासून त्याने कधी उघडलं नाही. सगळं तूच करतोस. ...बर्ल, ती स्लाइड उलटी का धरलीस?"

बर्ल: "उलटी? कुठे?"

ट्वायला: "फिरव जरा. अगंबाई. याच्याही पोटाशी मसूर आहे."

नदीन: "बर्ल."

बर्ल: "आधी ही टोपी पुसून घेतो. केळं लागलंय."

नदीन: "बर्ल हॅचर, तोंड उघड."

बर्ल: "अठ्ठ्याऐंशी साली ड्यूईसाठी मी जुन्या धाटणीचंच मागवलं होतं. मागणीच्या कागदावर मॉडेलचा आकडा माझ्याच हातून चुकला. खोक्यातून हे निघालं. स्पर्धा तीन दिवसांवर, बदलून यायला महिना. मी चाप घासून घासून लोण्यासारखा केला. म्हटलं, स्पर्धा होऊ दे, मग सांगू. तर तो पहिला आला! आणि इथे, या काउंटरवर हात आपटून म्हणाला, 'बघा लेकांनो, अडसर नसला की चाप असा लागतो!'"

नदीन: "आणि तू काय म्हणालास?"

बर्ल: "मी म्हटलं, 'खरंय.'"

नदीन: "म्हणजे इतकी वर्षं तो स्वतःच्याच पाटीखाली बसून बेकायदा कॉफी पितोय!"

बर्ल: "हसू नकोस. दर ईस्टरला मी ठरवतो, यंदा सांगायचं. मग तो येतो, चाप ओढतो, डोळे मिटून मान डोलावतो. कसं सांगू?"

नदीन: "अडसर असून असा चाप! सबंध आयुष्यात तुझ्या हातून एक थोर काम झालं, आणि तेच लपवून बसलास."

ट्वायला: "बर्ल, गेल्या नाताळात ते पडलं होतं."

बर्ल: "काय पडलं?"

ट्वायला: "हेच. ड्यूईच्या हातून. मागच्या पायऱ्यांवरून, नळीच्या टोकावर, भरलेलं. खाली मी उभी होते, कोंबड्यांना दाणे टाकत. काहीच झालं नाही. ड्यूई म्हणाला, 'बघ, जुनं काम किती पक्कं असतं!' मी त्याला कॉफी करून दिली."

नदीन: "देवाने राखली गं तुला."

ट्वायला: "देवानेच. पण मसूर वापरला त्याने."

बर्ल: "मिस ट्वायला, मला बसू द्या जरा."

ट्वायला: "बस. पाणी पी. मी ड्यूईला दोन वचनं दिली होती. अडसराचं घेणार नाही, आणि हुबेहूब त्याच्यासारखं घेईन. दोन्ही काही पाळता येत नाहीत. एक पाळते. ते कपाटातलं दे, नऊचं, मसूर असलेलं."

बर्ल: "चाप आत्ता घासून देतो. पण त्याला काही बोलू नका हं. शनिवार होऊ दे, मग..."

ट्वायला: "नाही बर्ल. मग शनिवार झाला की ईस्टर येईल. मी काही त्याला सांगणार नाही, ते सांगणं माझं काम नाही. पण त्याला ठाऊक नसताना मी त्याच्या जागी हे हातात धरून हसत उभी राहणारही नाही. तू सांग. नाहीतर लोनीला उभं राहू दे."

बर्ल: "लोनीला! मिस ट्वायला, दोन्ही डोळे..."

ट्वायला: "मिटतो. माहीत आहे."

बर्ल: "तो बोलणार नाही माझ्याशी."

ट्वायला: "आठवडाभर नाही बोलणार. मग पाटी कोणी उतरवायची यावरून भांडायला येईल. जातोस ना आज?"

बर्ल: "जातो."

ट्वायला: "वचन?"

बर्ल: "वचन."

ट्वायला: "चारपर्यंत भेटू देतात. दुसऱ्या मजल्यावर, उजवीकडचं तिसरं दार. मी निघते. नदीन, वाटी मागाहून पाठव... अगंबाई!"

नदीन: "राहू दे, मी उचलते. तुझी किल्लीच आहे, घे. नीट जा. ...बर्ल? टोपी घालून कुठे उभा आहेस? पळून जायचं मागचं दार त्या बाजूला नाही."

बर्ल: "मागच्या दाराने नाही जायचं. कपाटांना कुलूप लाव. मला वेळ लागेल."

नदीन: "तुझ्या गाडीची किल्ली इथेच राहिली. दोन मैल आहे दवाखाना."

बर्ल: "असू दे. चालतच जातो. गाडी फार पटकन माघारी वळते."