शाबासकी घ्यायला नाल्यावर गेलो

शाबासकी मागाले कधी जाऊ नये, सांगून ठेवतो. आमच्या सौंसरजवळच्या वीजप्लांटात पाणी थंड कराच्या पाइपात शेवाळ धरते. ते माराले क्लोरीन टाकत, अन् तेच पाणी नाल्यात गेलं का मासोया मरत. म्या साहेबाच्या मागं लागून, शेवाळ दिसन तवाच थोडं थोडं टाकाले लावलं. मग छाती फुगवून नाल्यावर गेलो. रामाकोना गावचा एक म्हातारा बाबाजी गळ टाकून बसला होता.

"काय बाबाजी, मासोया वाढल्या नं?"

"वाढल्या, पण कामाच्या काय? पयले आपोआप वर तरंगत, टोपलीनं नेत होतो. आता सकायपासून बसून राहिलो, एक लागून नाही राहिली. कोन्या बह्याडानं औषध कमी केलं जी?"

म्या म्हटलं, "आपल्या सौंसरचा तं नसन. नागपूरचा असन."