रोज भरणारं टेबल

कोपरीच्या फ्रीज सर्व्हिस सेंटरात शेवंती पुन्हा तक्रारीच्या रांगेत उभी होती. नवऱ्याचं इन्सुलिन बर्फ घातलेल्या डब्यात सोबतच होतं. शेजारच्या कॉम्प्युटरपाशी सॉफ्टवेअरवाले दोघं बोलत होते.

“समीक्षा, अपग्रेड झालं ना?”

“झालं. आता टूल लावलंय. डेटाबेसमधलं कुठलं टेबल कोण वापरतं, ते लिहून काढतंय.”

“हे एक टेबल लाल का दाखवतंय?”

“त्यात रोज नोंदी पडतात, पण उघडून वाचत कोणीच नाही. जुन्या सिस्टममध्येपण नाही.”

“मग उडव ना.”

“वेडा आहेस का राकेश? रांग बघ केवढी आहे. तक्रारी टाकायच्या कुठे मग?”

“बोला मावशी, लिहून घेते,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

शेवंतीने डबा पुढे सरकवला.

“लिहू नको गं. तुमच्या हापिसातला फ्रीज चालू आहे ना? हे ठेव त्यात. रोज येईन न्यायला.”