केक कापणारी तार

वाद्यांच्या दुकानात मावशी रांगेत उभ्या होत्या. मावशींचे कान असे, की शेजारच्या मांजरीने जांभई दिली तरी यांची झोपमोड व्हायची. त्यांच्या पुढे होता बेकरीवाला, आणि तो दुकानदाराच्या कानाशी कुजबुजत होता.

"इलेक्ट्रिक गिटारची तार द्या. सगळ्यात बारीक. एकच."

"नऊ नंबर की दहा?"

"ते बायकोला माहीत. वाजवते ती."

"मग त्यांनाच विचारा की."

"विचारायची सोय असती तर असा कुजबुजलो असतो का? तिची तार मी काढली. केकचे थर कापायला."

"अहो, काय हे!"

"गरम पाण्याने धुऊन घेतली होती हो! आणि काय कापते म्हणून सांगू, कणभर चुरा नाही. मग तुटली. संध्याकाळी तिचा कार्यक्रम आहे."

"त्यांना तार कशी लागते? हलकी, की जरा दमदार?"

"लोण्यातून सुरी जावी तशी बोटं फिरतात."

"मग नऊच. पण जुन्या पाचांत एकच नवी टणटणेल, त्या लगेच ओळखतील. सहाही बदला."

"सहाही चकाकल्या तर शेजारीपाजारीसुद्धा ओळखतील!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचा आवाज ऐकायला मावशींच्या कानांचीही गरज नव्हती.

"अहो, माझ्या गिटारला क्रीम कुणी फासलंय?"

"मी... ते..."

"नऊ नंबरचे दोन सेट आणा."

"दोन कशाला गं?"

"एक तुमच्या केकला. आणि पुन्हा माझ्या गिटारला हात लावलात, तर तुमचेच थर कापीन."