भट्टीवाल्या मॅडमची शेवटची पट्टी

आदरणीय अध्यक्ष महोदय, संचालक साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, प्रयोगशाळेतले सहकारी, विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या दोन्ही लेकींनो,

हा समारंभ माझ्या बायकोच्या निवृत्तीचा. सभागृह आधीच ठरलं होतं. गेल्या महिन्यात ती गेली, तरी रद्द करू नका असं मीच म्हणालो. आता इथे उभं राहिल्यावर वाटतंय, कशाला म्हणालो?

तुम्ही तिला भट्टीवाल्या मॅडम म्हणायचात. ती धातूंची मिश्रणं वितळवायची आणि त्यातून वीज किती अडखळत जाते ते मी मोजायचो. पाहुण्यांसाठी सांगतो, वितळलेला रस गरगर फिरणाऱ्या गार चाकावर सोडला, की अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. असतील तसे गोठतात, रसाची पातळ पट्टी होते, आणि त्या अणूंच्या गर्दीतून वीज ठेचा खात जाते.

तिच्या नव्या मिश्रणावरून आमचं घरीदारी वाजायचं. मी म्हणायचो, तापवत नेलं की अणू हळूहळू रांगेत येतील, विजेला होणारा रोधही हळूहळू उतरेल. ती म्हणायची, "छे! धाडकन पडेल. लावा पैज!"

त्या मिश्रणाची एकच पट्टी मागे राहिली, मोजणीच्या तारा जोडून तयार. पण एकदा तापवली की ती पट्टी ती राहत नाही. डबीत घालून मी ती खिशात घेऊन हिंडत होतो. धाकटी म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. आईच्या हातचं एवढंच उरलंय." थोरली म्हणाली, "आईनं ती काय कपाटात ठेवायला केली होती?" दोघींचंही खरंच होतं. माझ्याच्यानं ठरेना हो.

आज सकाळी तापवली. कितीतरी वेळ रोधाचा आकडा जवळजवळ हललाच नाही, आणि मग धाडकन पडला. माझी जुनी खोड, आकडा मनासारखा आला नाही की मी तारांना दोष देतो. उठून पाहिलं, तर चारही घट्ट. तिनंच जोडलेल्या ना!

भट्टी निवल्यावर चिमट्यानं उचलायला गेलो, तर पट्टीचे तुकडे झाले. तापल्यावर अशा पट्ट्या ठिसूळ होतात, हे मीच वर्गात शिकवतो. तरी ढसाढसा रडलो.

धाकटे, रागावू नकोस, बाळा. "बघा, मी म्हणत नव्हते?" एवढं तिच्या तोंडून ऐकायला मी आज काय वाटेल ते दिलं असतं.

आपण सगळे तिच्यासाठी आलात, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. माझ्या चुका काढणारं माणूस आता घरी नाही.