पुतणीचा कॅमेरा

नित्या : म्हणजे काका, लायका नकोच?

सांबशिव : लायका कोणाला नको असतो, पोरी? पण तुलाच परवडत नाही ना. मग राहिले दोन, बेसा आणि इकॉन. दोन्ही आता बनत नाहीत, पण फिल्मच्या कॅमेऱ्यांत त्यातल्या त्यात नव्या जमान्याचे.

नित्या : चेन्नैच्या दुकानदारानं दोन्ही राखून ठेवलेत. संध्याकाळपर्यंत कुठला ते सांगायचं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी आतापर्यंत सगळं डिजिटलवरच केलं.

सांबशिव : हे दोन्ही रेंजफाइंडर. म्हणजे काय, ते तरी माहीत आहे? यात भिंगातून बघायचं नाही. बाजूला छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. तिथं माणूस दोनदा दिसतो, एक ठळक, एक फिकट. रिंग फिरवून दोघांना एकावर एक आणलं की फोकस झाला. आत आरसा नाही, म्हणून फाडकन आवाजही नाही.

नित्या : तेच हवंय. देवघरात बसलेली म्हातारी माणसं दचकायला नकोत. हे काम देताना श्रीनिवासराव मामांनी पहिल्यांदा तेच बजावलं.

सांबशिव : श्रीनिवासरावांनी? त्यांना कॅमेऱ्यातलं कधीपासून कळायला लागलं?

सुंदरी : काफी घे, नित्या. चष्मा काढून ठेव, वाफेनं भरेल.

नित्या : चष्मा काढला तर काफीचा टंबलरच दिसायचा नाही, काकी.

सांबशिव : आणि घरं किती म्हणालीस?

नित्या : राजवाड्याच्या आसपासची आपली सगळी मराठी घरं. शिवाय तिरुवैयारुची दोन-तीन. प्रत्येक घरातलं सगळ्यांत वडील माणूस, आपल्या रोजच्या जागेवर बसलेलं. सगळं फिल्मवर. नंतर चेन्नैत प्रदर्शन. तुम्हीच म्हणायचात ना, हे कोणीतरी करायला पाहिजे?

सांबशिव : मी 'कोणीतरी' म्हणत नव्हतो.

नित्या : काय?

सांबशिव : काही नाही. बेसा घे. तीन नंबरचा. त्याच्या खिडकीत माणूस जेवढ्यास तेवढा दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. चाळीस मिलिमीटरचं भिंग लाव त्याला.

नित्या : इकॉन का नको?

सांबशिव : त्यात माणूस लहान दिसतो. तू विचारलंस, मी सांगितलं. पुढं तुझी मर्जी.

नित्या : सरी, बरं काका! तुम्ही म्हणालात म्हणजे झालं. घरी जाते आणि कळवून टाकते. काकी, येते हं!

(फाटक लागतं. नित्याची गाडी गल्लीतून निघून जाते.)

सुंदरी : असं का केलंत?

सांबशिव : काय केलं?

सुंदरी : पोरीच्या नाकावर चष्मा आहे.

सांबशिव : मग? जगात काय चष्मेवाले फोटो काढत नाहीत?

सुंदरी : हे बघा, मज कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. पण तुम्हांला चष्मा लागला तेव्हा दोन दिवस तोंड पाडून बसला होतात. मज वाटलं, माझं रसम बिघडलं. शेवटी तुम्हीच म्हणालात, आता बेसा कधी घेतला, तरी माझ्या कामाचा नाही. मध्ये चष्मा आला की चौकटीच्या कडा दिसत नाहीत. कोणाचं डोकं कापलं गेलं, कोणाचा हात, पत्ता लागत नाही.

सांबशिव : लक्षात ठेवायला दुसरं काही मिळालं नाही तुज?

सुंदरी : त्या घरांतले अप्पाजी नव्वदीला आलेत. कसेबसे एकदा बसतील फोटोला. तिनं त्यांचं अर्धं कपाळ कापलं, तर पुन्हा बसवणार कोण? मग श्रीनिवासराव म्हणतील, सांबशिवालाच द्यायला हवं होतं काम. तेच ऐकायचं होतं ना?

सांबशिव : हो, होतं! जळतो मी! बस्स? या गल्ल्यांतल्या सगळ्या लग्नांचे फोटो मी काढले, मुंजींचे मी काढले. कुठल्या घरात ऊन कुठून येतं, मज पाठ आहे. आणि श्रीनिवासराव माझ्या दारावरून गेले, ते माझ्याच पुतणीकडे. वर हा कॅमेरा! आयुष्यभर ज्याची नुसती चित्रं बघितली, तो मीच निवडून तिच्या हातात ठेवायचा?

सुंदरी : तुम्ही मागितलंत का कधी ते काम?

सांबशिव : मागायचं काय? त्यांना समजायला नको?

सुंदरी : अय्यो! आणि नित्यानं काय केलं? फोनवर शंभर माणसं सल्ले देत असतात. तरी ती पोर उन्हातून तुमच्याकडे आली.

सांबशिव : तेच तर. दुसऱ्या कोणाकडे गेली असती तर मी सुखानं रागावलो तरी असतो.

सुंदरी : हा घ्या फोन. लावलाय मी.

सांबशिव : अगं, थांब… हॅलो, नित्या? दुकानदाराला कळवलंस?

नित्या : नाही काका, आत्ताच घरात पाऊल टाकलं. का?

सांबशिव : बेसा नको. इकॉन घे. बेसाच्या चौकटीच्या कडा चष्म्यातून दिसायच्या नाहीत. इकॉनची खिडकी मोठी आहे, तुज सगळं दिसेल.

नित्या : अरे देवा! बरं झालं आठवलं तुम्हांला.

सांबशिव : आठवायचं काय. मघाशीही माहीत होतं.

नित्या : मग?

सांबशिव : मग काय. तुज ते काम मिळालं, ते मज सोसलं नाही. म्हणून तसं सांगितलं. ऐकतेस ना?

नित्या : ऐकते. काका… माझ्याबरोबर याल? घरोघर?

सांबशिव : नाही. तुझं काम तू कर. अप्पाजींकडे मात्र सकाळी जा, दुपारी त्यांच्या हॉलात अंधार असतो. ठेवतो.

सुंदरी : चांगलं केलंत. आता जरा हलकं वाटत असेल.

सांबशिव : हलकं कुठलं! आता तिचे फोटो चांगले येणार.